वीज तोडायची कशी? सबस्टेशनच्या कुंपणाआतलं काम

सबस्टेशन कशासाठी असतं असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तिथे विजेचं व्होल्टेज कमी करतात. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. व्होल्टेज कमी करायला एक ट्रान्सफॉर्मर पुरतो. मग कुंपणाआड बाकीचा एवढा पसारा कशाला? तपकिरी पोर्सेलीनच्या उभ्या खांबांच्या रांगा, डोक्यावरून गेलेल्या ॲल्युमिनियमच्या जाड नळ्या, राखाडी पेट्या, बॅटऱ्यांनी भरलेली एक खोली आणि सगळ्या यार्डभर पसरलेली खडी. मोठ्या सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मर मोजके असतात. जागा जाते ती बाकीच्या उपकरणांत.

या पसाऱ्यातला मोठा भाग एकाच कामासाठी उभा असतो: वाहता प्रवाह हवा तेव्हा आणि हवा तिथेच तोडता यावा. घरात बटण दाबून दिवा बंद करणाऱ्याला यात अवघड काय असं वाटेल. पण चार लाख व्होल्टच्या लाइनवर नुसता संपर्क सोडवला तर वीज थांबत नाही, हवेतून वाहत राहते. वीज जोडण्यापेक्षा ती तोडणं कितीतरी कठीण आहे, आणि सबस्टेशनची बरीचशी रचना या एका अडचणीभोवती झालेली आहे.

आधी व्होल्टेज

तरी सुरुवात व्होल्टेजपासूनच करावी लागते, कारण ते वाढवायची गरज नसती तर पुढचं काहीच उद्भवलं नसतं. तारेतून वीज नेताना तार तापते आणि तेवढी ऊर्जा वाया जाते. हा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट. तेवढीच वीज जास्त व्होल्टेजला नेली तर प्रवाह त्या प्रमाणात कमी लागतो. १०० मेगावॉट वीज ११ केव्हीला, म्हणजे ११ हजार व्होल्टला, तीन फेजच्या लाइनवरून न्यायची तर प्रत्येक तारेतून सुमारे ५,२५० अँपिअर प्रवाह जाईल. तीच वीज ४०० केव्हीला नेली तर १४५ अँपिअरच्या आसपास. प्रवाह छत्तिसाव्या भागावर आला म्हणजे त्याच तारेतला तोटा तेराशेव्या भागावर आला. पहिल्या हिशेबात वीज लांब नेण्यात अर्थच उरत नाही. दुसऱ्या हिशेबात ती शेकडो किलोमीटर जाते.

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र सुरू केलं ते डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, आणि जेमतेम ११० व्होल्टचं. त्याची वीज साधारण मैलभराच्या परिसरापलीकडे परवडण्यासारखी नव्हती, कारण त्या काळात डीसीचं व्होल्टेज सहजी वाढवता-उतरवता येत नव्हतं. एसीचं, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं, येत होतं. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तिघा इंजिनिअरांनी व्यवहारात वापरता येईल असा बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर तयार केला. १८९१ मध्ये जर्मनीतल्या लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत, १७५ किलोमीटरवर, सुमारे १५ हजार व्होल्टने तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली. दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर होते, एकीकडे व्होल्टेज चढवायला आणि दुसरीकडे उतरवायला. आजची पद्धत मुळात तीच आहे, फक्त उतरंड एका टप्प्यात न होता चार-पाच टप्प्यांत होते, आणि त्या प्रत्येक टप्प्याला एक सबस्टेशन असतं.

तेलात बुडालेलं यंत्र

ट्रान्सफॉर्मरचं तत्त्व शाळेच्या पुस्तकात असतं. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. एकीत बदलता प्रवाह सोडला की गाभ्यात बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळीत व्होल्टेज येतं. वेढ्यांचं जे प्रमाण, तेच व्होल्टेजचं प्रमाण. दोन वेटोळ्यांमध्ये विजेचा थेट संबंध नसला तरी चालतो. फिरणारा एकही भाग नाही आणि कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या वर. यंत्र म्हणून इतकं नीटस दुसरं क्वचितच सापडेल.

पण उरलेला अर्धा-पाऊण टक्का हलक्यात घेता येत नाही. ३०० मेगावॉट वीज पुढे सरकवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अर्धा टक्का म्हणजे दीड मेगावॉट उष्णता. दीड किलोवॉटचे हजार हीटर एका लोखंडी टाकीत सतत चालू ठेवल्यासारखं ते आहे. म्हणून टाकी तेलाने भरलेली असते. तेल दोन कामं करतं: उष्णता बाहेरच्या रेडिएटरपर्यंत नेतं, आणि वेटोळ्यांभोवतीच्या कागदात मुरून विजेला अडवतं. हो, कागद. लाखो व्होल्ट सांभाळणाऱ्या यंत्रात तांब्याभोवती गुंडाळलेला असतो तो लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद, आणि यंत्राचं आयुष्य बहुतेक वेळा त्या कागदाच्या आयुष्याइतकंच असतं. तापमान आणि ओल हे त्याचे दोन शत्रू. तापमान सहा अंशांनी वाढलं की कागद जवळपास दुप्पट वेगाने जुना होतो, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. तेल बदलता येतं, गाळता येतं. आतला कागद बदलायचा म्हणजे ट्रान्सफॉर्मर पुन्हा बांधायचा.

ओल आत जाऊ नये यासाठी जी साधी युक्ती असते ती मला फार आवडते. तेल तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. त्याला जागा म्हणून टाकीच्या वर एक आडवी नळकांडी टाकी असते, कन्झर्व्हेटर. तेल आकसलं की कन्झर्व्हेटर बाहेरची हवा आत घेतो, आणि ती हवा सिलिका जेलच्या खड्यांनी भरलेल्या एका काचेच्या भांड्यातून जाते. खडे ओल शोषतात. जुन्या प्रकारचे खडे कोरडे असताना निळे असतात आणि भिजले की गुलाबी होतात. कुंपणाबाहेर उभं राहूनही कधीकधी हे भांडं दिसतं. सगळे खडे गुलाबी दिसले तर देखभालीबद्दल वेगळं काही विचारायला नको.

मुख्य टाकी आणि कन्झर्व्हेटर यांना जोडणाऱ्या नळीत बुकोल्झ रिले, म्हणजे दोष हेरणारं एक उपकरण, बसवलेला असतो. जर्मन इंजिनिअर माक्स बुखहोल्त्स यांनी १९२१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आत कुठे ठिणगी पडत असेल किंवा एखादी जागा फार तापत असेल तर तेलाचं विघटन होऊन वायूचे बुडबुडे तयार होतात. ते वर चढताना या रिलेत अडकतात, तरंगता गोळा खाली येतो आणि घंटा वाजते. मोठा दोष असेल तर तेलाचा लोंढा उसळून दुसरा संपर्क मिटतो आणि ट्रान्सफॉर्मर तात्काळ बंद पडतो. कोणतं वायुमिश्रण तयार झालं आहे यावरून आजाराचं निदानही होतं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून ॲसिटिलीन सापडलं तर आत ठिणग्या उडत आहेत असं समजतात, इथिलीन वाढलं तर तेल कुठेतरी फार तापतंय, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागदाकडे लक्ष द्यायला हवं.

ट्रान्सफॉर्मरजवळ ऐकू येणारी घुमघुम म्हणजे वीज वाहण्याचा आवाज नव्हे. चुंबकीय क्षेत्र बदललं की गाभ्याचे पोलादी पत्रे अगदी सूक्ष्म प्रमाणात लांबतात आणि आखडतात. एसीच्या प्रत्येक आवर्तनात हे दोनदा होतं. म्हणून ५० हर्ट्झच्या देशांत ही घुमघुम १०० हर्ट्झची असते आणि ६० हर्ट्झच्या देशांत १२० ची, म्हणजे थोडी वरच्या पट्टीतली.

आर्क

आता मुख्य मुद्दा. सबस्टेशनला जोडलेल्या लाइनवर झाड पडलं, तार तुटली, इन्सुलेटर फुटला, की जमिनीकडे वाट मिळते आणि नेहमीच्या शेकडो अँपिअरच्या जागी हजारो, कधी दहा-वीस हजार अँपिअर धावू लागतात. याला फॉल्ट म्हणतात. हा प्रवाह सेकंदभर जरी चालू राहिला तरी तारा वितळू शकतात, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी चुंबकीय बलाने वाकू शकतात आणि दूरवरची जनित्रं एकमेकांशी असलेली लय सोडू शकतात. तेव्हा तो तोडायचा, आणि लगेच.

हे काम करणारं उपकरण म्हणजे सर्किट ब्रेकर. त्याच्या आत धातूचे दोन संपर्क एकमेकांना घट्ट भिडलेले असतात. ते दूर खेचले की शेवटच्या क्षणी टेकलेल्या बारीकशा बिंदूतून सगळा प्रवाह जाऊ पाहतो, तो बिंदू वितळतो, त्याची वाफ होते आणि मधल्या फटीत आर्क पेटतो. हा दहा-वीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा प्लाझ्मा असतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. या तापमानाला वायू विजेचा चांगला वाहक होतो, म्हणजे संपर्क दूर गेले तरी प्रवाह सुखाने चालू. आणखी दूर नेले तर आर्क ताणला जातो, इतकंच.

यातून सुटका होते ती एसीच्या स्वभावामुळे. एसीचा प्रवाह दिशा बदलताना प्रत्येक वेळी शून्यातून जातो. ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा, म्हणजे दर दहा मिलिसेकंदाला एकदा. त्या क्षणी आर्कला मिळणारी ऊर्जा शून्य असते. ब्रेकर प्रवाहाला जबरदस्तीने अडवत नाही. तो शून्याची वाट पाहतो, आणि शून्य आलं की पुन्हा पेटू देत नाही. सगळी करामत या "पुन्हा पेटू देत नाही" मध्ये आहे. शून्यानंतर फटीतला वायू निवून पुन्हा अवाहक व्हायला काही काळ लागतो, आणि त्याच काळात दोन्ही संपर्कांमधलं व्होल्टेज झपाट्याने चढत असतं. एकीकडे फटीची ताकद वाढते आहे, दुसरीकडे तिच्यावरचा ताण. ताकद पुढे राहिली तर प्रवाह तुटला. ताण पुढे गेला तर आर्क पुन्हा पेटला आणि पुढच्या शून्यापर्यंत थांबणं आलं. हा निकाल काही मायक्रोसेकंदांत लागतो.

ब्रेकरचा इतिहास म्हणजे ही शर्यत जिंकायच्या वेगवेगळ्या युक्त्यांचा इतिहास. पूर्वी संपर्क तेलात बुडवत. आर्कमुळे तेलातून हायड्रोजन सुटे आणि तोच आर्कला थंड करी. कल्पना हुशारीची, पण प्रचंड उष्णतेशेजारी जळणारं तेल ठेवायचं म्हणजे आगीला आमंत्रणच. मग दाबलेल्या हवेचे ब्रेकर आले. त्यांचा फवारा आर्क विझवायचा आणि आवाज तोफेसारखा असायचा. त्यानंतर सल्फर हेक्झाफ्लोराइड, म्हणजे एसएफ-६. हा वायू मोकळे इलेक्ट्रॉन चटकन पकडतो आणि इलेक्ट्रॉन पकडले गेले की वाहकता संपते. ब्रेकर उघडतानाच आतला दट्ट्या हा वायू दाबून आर्कवर फुंकतो. उच्च व्होल्टेजला जगभर आज सर्वांत जास्त हेच ब्रेकर दिसतात. खालच्या व्होल्टेजला मात्र निर्वात पोकळीने बाजी मारली आहे. तिथे वायूच नसतो, आर्क जळतो तो संपर्कांच्याच धातूच्या वाफेवर, आणि शून्य येताच ती वाफ गोठून भिंतींवर बसते.

एसएफ-६ चा दोष दुसरीकडे आहे. तो वातावरणात सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४ हजार पट तापमानवाढ करतो आणि शेकडो-हजारो वर्षं तसाच राहतो. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने नव्या उपकरणांत त्याच्या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आहे. सुरुवात २४ केव्हीपर्यंतच्या उपकरणांपासून, २०२६ मध्ये. खालच्या व्होल्टेजला पर्याय हाताशी आहे. सर्वांत वरच्या व्होल्टेजला इतका भरवशाचा आणि आटोपशीर पर्याय तयार करणं हे आजचं अवघड काम आहे.

ब्रेकर उघडायला लागणारी ताकद स्प्रिंगमधून येते. एक लहान मोटर स्प्रिंग ताणून ठेवते, आणि ब्रेकर बंद करतानाच, म्हणजे संपर्क जोडतानाच, उघडायच्या स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठवली जाते. म्हणजे प्रवाह चालू असलेला ब्रेकर कायम उघडायच्या तयारीत असतो. मोटर जळली, यार्डातली वीज गेली, तरी एकदा उघडण्यापुरती ऊर्जा त्याच्याजवळ असतेच. चालू करायला अडचण आली तर खपवून घेतात, तोडायला आलेली खपत नाही.

डोळ्यांना दिसणारी फट

ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना आयसोलेटर असतात. उघडल्यावर हवेत स्पष्ट फट दिसेल असे लांब धातूचे हात. नवख्याला वाटतं की एकच काम दोनदा कशाला? पण ब्रेकर दार ओढून घेतो, आयसोलेटर त्याला कडी-कुलूप लावतो. ब्रेकरचे संपर्क बंद भांड्यात असतात, ते खरंच सुटले की नाही हे बाहेरून दिसत नाही. लाइनवर चढणाऱ्या माणसाला नुसत्या दिव्याच्या रंगावर जीव टाकायला सांगता येत नाही. त्याला फट दिसली पाहिजे.

आयसोलेटरमध्ये आर्क विझवायची सोयच नसते. चालू प्रवाहावर तो उघडला तर हातांमध्ये मीटरभर लांबीची ज्वाला नाचू लागते आणि कोणत्याही शून्याला विझत नाही. म्हणून क्रम पक्का असतो: आधी ब्रेकर उघडायचा, मग दोन्हीकडचे आयसोलेटर, मग व्होल्टेज नाही याची खात्री, आणि शेवटी अर्थ स्विच लावून ती लाइन जमिनीला जोडायची. अर्थ केल्यामुळे उरलासुरला भार निघून जातो, शेजारच्या चालू लाइनमुळे आलेलं व्होल्टेज साचत नाही, आणि दूरवर कोणी चुकून वीज सोडलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. पुन्हा चालू करताना क्रम बरोबर उलटा. हा क्रम माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडत नाहीत. ब्रेकरचे संपर्क जोडलेले असेपर्यंत आयसोलेटर हलणारच नाही अशी इंटरलॉकची सोय असते. तरीही या क्रमातली चूक हे यार्डातल्या अपघातांचं एक जुनं कारण आहे, बहुतेकदा कोणीतरी घाईत इंटरलॉकला बगल दिल्यामुळे.

तोडायचं कधी, हे कोण ठरवतं

ब्रेकर स्वतः काहीच ठरवत नाही. त्याला आज्ञा देतो रिले. पण रिलेला थेट ४०० केव्ही दाखवता येत नाहीत, म्हणून मध्ये मोजणीचे ट्रान्सफॉर्मर असतात. करंट ट्रान्सफॉर्मर हजारो अँपिअरची एक किंवा पाच अँपिअरची प्रतिकृती देतो. व्होल्टेजसाठी वेगळा असतो, तो लाखो व्होल्टचे शंभर-सव्वाशे करतो. करंट ट्रान्सफॉर्मरची एक खोड सांगण्यासारखी आहे. चालू असताना त्याची दुसरी बाजू कधीही उघडी ठेवायची नाही. उघडी राहिली तर मुख्य तारेतला सगळा प्रवाह गाभ्याला चुंबकत्व देण्यात लागतो आणि त्या उघड्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. ती टोकं असतात माणसं वावरतात त्या कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर.

रिलेचा सर्वांत साधा प्रश्न: प्रवाह फार झाला का? ट्रान्सफॉर्मरसाठी याहून चांगला प्रश्न आहे: आत जाणारा प्रवाह आणि बाहेर येणारा प्रवाह, वेढ्यांच्या हिशेबाने जुळतात का? जुळत नसतील तर फरक आतच कुठेतरी गळतो आहे. ही डिफरन्शियल पद्धत, आणि ती इतकी नेमकी आहे की तिला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही.

लांब लाइनवर डिस्टन्स रिले वापरतात. व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मिळतो, आणि लाइनचा इम्पीडन्स तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो. म्हणजे नुसत्या भागाकारावरून फॉल्ट किती किलोमीटरवर आहे हे कळतं. रिलेची हद्द झोनमध्ये आखलेली असते. पहिला झोन लाइनच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत, तिथे क्षणाचाही विलंब नाही. शंभर टक्के का नाही? मोजणीत थोडी चूक असतेच, आणि पुढच्या सबस्टेशनपलीकडचा फॉल्ट आपलाच समजून चुकीची लाइन तोडायची नाही. दुसरा झोन पुढच्या लाइनमध्ये थोडा शिरतो, पण अर्ध्या सेकंदाच्या आसपास थांबून. तिसरा आणखी लांब, आणखी थांबून. शेजाऱ्याने आपलं काम केलं नाही तर ते करायला हा शेवटचा आधार.

हा तिसरा झोनच दोन मोठ्या अंधारांच्या गोष्टीत येतो. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात काही लाइन झाडांना टेकून बंद पडल्या आणि त्यांचा भार ३४५ केव्हीच्या सॅमिस-स्टार लाइनवर आला. प्रवाह जास्त, व्होल्टेज पडलेलं. भागाकार केला तर उत्तर लहान येतं, म्हणजे रिलेच्या दृष्टीने लांब कुठेतरी फॉल्ट. लाइनवर फॉल्ट नव्हताच. दुपारी चार वाजून गेल्यावर रिलेने ती तोडली, तिचा भार पुढच्या लाइनवर गेला, आणि बघता बघता अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. भारतात ३० जुलै २०१२ च्या पहाटे ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन अशीच जादा भारामुळे तिसऱ्या झोनवर तुटली आणि उत्तर ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रिड कोसळल्या आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली. दोन्ही ठिकाणी ब्रेकर उत्तम चालले आणि रिलेने त्याला सांगितलेलं गणित बरोबर केलं. सांगितलेली मर्यादाच त्या दिवशीच्या परिस्थितीला लागू पडत नव्हती.

उलट बाजूही आहे. रिलेने आज्ञा दिली आणि ब्रेकर उघडलाच नाही तर? त्यासाठी आणखी एक रिले घड्याळ लावून बसलेला असतो. आज्ञेनंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रवाह थांबला नाही, तर तो त्या बसबारला, म्हणजे सगळ्या लाइन जिथे एकत्र येतात त्या नळ्यांना, जोडलेले सगळे ब्रेकर उघडतो. सबस्टेशनचा मोठा भाग बंद पडतो, पण फॉल्ट तुटतो.

ही सगळी यंत्रणा चालते बॅटरीवर. लाखो व्होल्टच्या शेजारी ११० किंवा २२० व्होल्टची डीसी बॅटरी पाहून हसू येईल, पण विचार केला तर पटतं. फॉल्टच्या क्षणी यार्डातलं एसी व्होल्टेज कोसळलेलं असतं. ब्रेकर उघडायची आज्ञा त्याच विजेवर अवलंबून ठेवली तर नेमक्या गरजेच्या वेळी ती मिळणार नाही. माझ्या मते सबस्टेशनात सर्वांत आधी पाहावी ती बॅटरीची खोली. बॅटरी मेली असेल तर बाहेरचे सगळे ब्रेकर नुसते शोभेचे.

ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक फॉल्ट तात्पुरते असतात. वीज पडली, पक्षी अडकला, फांदी घासून गेली. प्रवाह तोडला की आर्क विझतो आणि काही क्षणांत हवा पुन्हा अवाहक होते. म्हणून ब्रेकर उघडल्यावर थोडं थांबून आपोआप पुन्हा जोडून बघतात. वादळात दिवे क्षणभर जाऊन परत येतात, ते बहुधा याच पद्धतीमुळे. फॉल्ट तसाच असेल तर एकदोन प्रयत्नांनंतर ब्रेकर उघडाच राहतो. केबल जमिनीखालून असेल तर हा प्रयोग सहसा करत नाहीत, कारण फाटलेलं इन्सुलेशन स्वतःहून सांधत नाही.

खडी आणि झिंक ऑक्साइड

आकाशातल्या विजेसाठी सर्ज अरेस्टर असतात. बाहेरून पोर्सेलीनचा खांब, आत झिंक ऑक्साइडच्या चकत्यांची चळत. नेहमीच्या व्होल्टेजला त्यातून मिलिअँपिअरच्या आसपास गळती होते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे उसळलं की त्याच चकत्या हजारो अँपिअर जमिनीत सोडतात, आणि उसळी ओसरली की पुन्हा गप्प. ते ट्रान्सफॉर्मरला अगदी लागून बसवतात, कारण विजेची लाट इतकी उभी चढते की काही मीटरच्या अंतरानेही व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो.

खडीचं काम लोकांना सहसा ठाऊक नसतं. यार्डाच्या खाली तांब्याच्या किंवा पोलादाच्या पट्ट्यांची जाळी पुरलेली असते. फॉल्टचा प्रवाह तिच्यात उतरला की जमिनीचं स्वतःचं व्होल्टेज काही क्षण वाढतं, आणि सगळीकडे सारखं वाढत नाही. चालणाऱ्याचा एक पाय एका व्होल्टेजवर, दुसरा वेगळ्या. फरक पुरेसा असेल तर प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जाळी हा फरक कमी करते. वरची दहा-पंधरा सेंटीमीटर खडी पाय आणि माती यांच्यामध्ये मोठा अडथळा उभा करते, ओली झाली तरी तिचा रोध साध्या मातीच्या कितीतरी पट राहतो. गवत वाढत नाही आणि सांडलेलं तेल खाली झिरपतं, हे वरचे फायदे.

वाट बदलण्याची सोय

राहिले बसबार, म्हणजे डोक्यावरच्या त्या जाड नळ्या. सगळ्या लाइन आणि ट्रान्सफॉर्मर इथे एकत्र येतात. एकच बसबार असेल तर त्यावरच्या फॉल्टने सगळं सबस्टेशन जातं, म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन असतात आणि कोणती लाइन कशावर ठेवायची हे बदलता येतं. अतिमहत्त्वाच्या ठिकाणी दोन लाइनमागे तीन ब्रेकर ठेवतात. एक ब्रेकर दुरुस्तीला काढला तरी कोणाचीही वीज जात नाही. खर्च वाढतो आणि रिलेची गुंतागुंतही.

हे सगळं एकत्र कसं येतं याचं ताजं उदाहरण लंडनचं. २० मार्च २०२५ च्या रात्री हीथ्रो विमानतळाजवळच्या नॉर्थ हाइड सबस्टेशनात २७५ केव्हीचा एक ट्रान्सफॉर्मर पेटला. ब्रिटनच्या वीज यंत्रणेचं नियोजन पाहणाऱ्या नेसो या संस्थेच्या चौकशीत कारण दिलं ते बुशिंगचं, म्हणजे टाकीतून तार बाहेर येते तिथल्या पोकळ इन्सुलेटरचं. त्यात ओल शिरली आणि आत शॉर्ट सर्किट झालं, असं होण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्या बुशिंगच्या तेलात ओल वाढल्याचं २०१८ च्या तपासणीत दिसलेलं होतं, पण त्यावर पुढची कारवाई झाली नव्हती. विमानतळ २१ मार्चला बहुतेक दिवस बंद राहिला.

हीथ्रोला तीन सबस्टेशनांतून वीज येते, आणि उरलेली दोन त्या रात्री चालू होती. वीज कुंपणापर्यंत येऊन उभी होती. अडचण होती ती विमानतळाच्या आतल्या जाळ्याची. एका वाटेवरचा भार दुसऱ्या वाटेवर आपोआप जाईल अशी त्याची रचना नव्हती. कुठले ब्रेकर उघडायचे, कुठले आयसोलेटर फिरवायचे, काय अर्थ करायचं आणि मग कोणत्या क्रमाने पुन्हा जोडत यायचं, हे एकेक करत जाण्यात कित्येक तास गेले.